गोंदण

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. मे संपत आला.

आज पाण्याचा दिवस, म्हणून जागी आहे. सव्वादहाला नळ आले, अकराला गेले. टाकी, पिंप, सगळ्या घागरी आणि कूलर, एवढं भरून झालं. फरशी पुसायला उरलं नाही, ती पुढच्या पाण्याला.

दुकानात दिवसभर वाढदिवस होते. संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या या फ्लेक्सच्या दुकानात मी सहा वर्षं बसते. आई शेजारणीला सांगते, पोरगी कॉम्प्युटरवर आहे. खरं सांगायचं तर पोरगी माणसं गोरी करते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, दबून बारीक झालेला. 'डॉक्युमेंट करून पाठवा' हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. मग कट मारायचा, चेहरा उजळायचा, डाग-वांग काढायचे, मागे किरणं सोडायची. गिऱ्हाईक गोरं करा असं म्हणत नाही, 'जरा ब्राइट घ्या' म्हणतं. हाताला इतकी सवय झाली आहे की आता कुणी न सांगताही मी ब्राइट घेते. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि तिथलं भांडण वेगळंच. आज एकाने खिशातून पट्टी काढली, स्क्रीनला लावली आणि शेजारच्याचा फोटो आपल्यापेक्षा दोन रेघा मोठा असल्याचं सिद्ध करून दाखवलं. मी दोघांनाही बारीक केलं.

पण लिहायला बसले ते बुधवारचं.

फुलंब्रीकडचा एक माणूस आईच्या तेराव्याचा बॅनर न्यायला आला होता. सहा बाय चार. फोटो एकच, तोही लग्नाच्या अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर काढलेला. म्हातारी कडेला उभी, पदर डोक्यावर, खांद्यावर भलत्याच कुणाचा तरी हात. तो हात काढायला मला तासभर लागला होता आणि मी स्वतःवर खूश होते. बॅनर उलगडून दाखवला, तर तो नुसता बघत राहिला.

"ताई, ही आमची माय नाही."

मला वाटलं फोटोंची अदलाबदल झाली. त्याने स्वतःच्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. "हितं गोंदण व्हतं."

फाइल उघडली. मूळ फोटो मोठा करत नेला. होतं खरं. तीन ठिपके, वर एक, खाली दोन. त्या धुरकट फोटोत ते मला डागासारखे दिसले असणार. असणार म्हणजे काय, मी ते पुसल्याचं मला आठवतसुद्धा नाही. डाग काढायचं एक टूल असतं, गोल फिरवायचं आणि टिचकी मारायची, आजूबाजूची कातडी आपोआप तिथे येऊन बसते. दिवसातून दोनशे वेळा तरी मारत असेन.

फ्लेक्स अगदी जवळून पाहिला तर सगळेच चेहरे ठिपक्यांचे असतात. निळा, गुलाबी, पिवळा, काळा. लांबून बघायची वस्तू आहे ती. बाईच्या कपाळावरही ते ठिपके होते, तिचे तीन सोडून.

नवीन काढायला बसले तर रंगाचा प्रश्न आला. हिरवट ठेवू की काळपट? त्याला सांगता येईना. बहिणीला फोन लावला. ती पलीकडून रडत रडत म्हणाली, "हिरवं कशाचं, पार काळं पडलं व्हतं." मग म्हणाली, मायला एवढी गोरीबी नका करू. दुसरा बॅनर निघाला. मालक काही बोलले नाहीत, नुसतं 'चोवीस फूट' म्हणाले.

त्या संध्याकाळी पाणी परिषदेच्या बॅनरचं काम आलं. मागे 'मराठवाडा दिसला पाहिजे.' नेटवर मराठवाडा शोधला की भेगाळलेली जमीन येते आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा. 2025च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे गावात पाणी शिरलं, रानं खरडून गेली, तेव्हा मदतफेरीच्या बॅनरलाही एकाने हाच फोटो आणला होता! मी म्हटलं, दादा, तिकडे कमरेएवढं पाणी आहे. तो म्हणाला, असू द्या, लोकांना कळतं.

2016 ला मी लातूरला शिकत होते. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. मला त्या वर्षीचं आठवतं ते कॅनवर ऑइलपेंटने लिहिलेलं घरमालकिणीचं आडनाव. त्याच्या आधी मार्चमध्ये टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, पाच माणसांच्या वर जमायचं नाही. पाच माणसांत कसली रांग लागते?

आणि भेगांचं म्हणाल तर आमच्या औशाकडच्या काळ्या रानाला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊस चांगला झालेल्या सालीसुद्धा. पाणी प्यालं की ही माती फुगते, वाळली की आकसून फाटते. लहानपणी आम्ही भेगेत तुरीची काडी सोडायचो, ती खाली कुठे जायची पत्ता लागायचा नाही. अण्णा म्हणतात, रान उकललं न्हाई तर पहिलं पाणी पोटात जायचं कसं? फोटोतल्या भेगा बहुतेक आटलेल्या तळ्यातल्या असतात, कडा वळलेल्या, पापडासारख्या. शेतातली भेग तशी दिसत नाही. मी तोच फोटो लावला. परिषद सोमवारी आहे.

मघाशी पाणी भरताना अण्णांचा फोन आला. उद्या मी गावी निघते आहे. "बाई, जुनं बॅनर असंल तर घेऊन ये. पाऊस यायच्या आत कडब्याची गंजी झाकायची." दरवर्षी नेते. आमच्या गंजीवर आजवर किती जणांचे वाढदिवस झाले असतील कोण जाणे. दुकान बंद करताना मालक म्हणालेच होते, तो चोवीस फुटाचा ने, एकदम कोरा आहे, एक भोक नाही.

घडी हातात घेतली होती. परत ठेवली. मागच्या महिन्यातला एक वाढदिवसाचा आणला, दहा बाय आठ, एका कोपऱ्याचं आयलेट, म्हणजे दोरी ओवायची कडी, निघालेलं. अण्णा दगड ठेवतील.