खोडलेलं बेट

डाग दिसला की माझी बोटं शिवशिवतात. ताटाच्या काठावरचा, आरशावरचा, समोरच्याच्या कॉलरवरचासुद्धा. परवा दुपारी माळ्यावरचे खोके उपसताना शाळेतला ॲटलास हाती लागला आणि या खोडीचा जुना पुरावाच सापडला. जावाच्या दक्षिणेला, निळ्याशार हिंदी महासागरात, चक्क भोक!

माशीनं घाण केलीय असं समजून मी तो ठिपका आधी थुंकी लावून पुसला होता, मग खोडरबरानं, मग रबराच्या त्या खरखरीत निळ्या टोकानं. दादानं डोकावून पाहिलं. "अगं बये, बेट होतं ते!" शिवाय पानामागच्या देशाची राजधानीही गेली, ते वेगळंच.

बेटाचं नाव ख्रिसमस बेट. 25 डिसेंबर 1643 ला विल्यम मायनर्स नावाचा कप्तान जवळून गेला, तारखेचंच नाव ठेवलं आणि पुढं निघाला. इतक्या स्वस्तात बारसं कुणाचं झालं नसेल. पुढे फॉस्फेट सापडलं तेव्हा 1888 मध्ये इंग्रजांना ते एकदम आपलं वाटू लागलं. 1958 पासून ते ऑस्ट्रेलियाकडे आहे.

बेट जेमतेम 135 चौरस किलोमीटरचं. समुद्रातल्या ज्वालामुखीचा माथा, त्यावर चुनखडक, त्यावर दाट जंगल. आणि जंगलात कोट्यवधी लाल खेकडे. पान गळून पडलं की खेकडा ते नांगीत धरून बिळाकडे ओढत नेतो. त्यामुळे रानातली जमीन नुकती झाडून काढल्यासारखी लख्ख. वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच नाही तर!

पहिला पाऊस पडला की हे सगळे समुद्राकडे निघतात, रस्ते लाल करत. माद्या दिवस नेमका साधतात: कृष्ण पक्षातली अष्टमी जवळ आलेली, भरती ओसरू लागलेली, अजून उजाडायचं आहे. ओल्या खडकावर उभी राहून मादी दोन्ही नांग्या वर करते आणि अंग झडझडून अंडी पाण्यात सोडते. बहुतेक वर्षी त्यातलं जवळजवळ काहीच परत येत नाही. तरी पुढच्या पावसात पुन्हा निघायचंच.

माणसांबरोबर वेड्या पिवळ्या मुंग्या आल्या. त्यांच्या आम्लानं खेकडे आंधळे होऊन मेले, आणि जिथे खेकडे संपले तिथे पाचोळा साचला, रोपं माजली. झाडायला कुणी उरलं नाही. बोटींतून काळे उंदीर आले आणि मूळचे उंदीर संपले. 1908 मध्ये शोधलं तेव्हा एकही मिळाला नाही.

तिथलं एक वटवाघूळ होतं, तीन-चार ग्रॅमचं. पकडून वाढवायची परवानगी मिळाली 2009 च्या जुलैत. माणसं जाळी घेऊन पोचली तेव्हा एकच उरलं होतं. हाती काही लागलं नाही, यंत्रावर आवाज तेवढा यायचा. 26 ऑगस्टच्या रात्री आला. 27 ला आला नाही.