पायाशी उजेड

"दिवा दिसता कामा नये दादा, उजेड दिसला पाहिजे." डॅशबोर्डखाली उताणा झोपलेला वायरमन बोलला आणि माझ्या गाडीत पायाशी उजेड पडावा म्हणून आणलेली एलईडीची पट्टी आणखी आत सरकवली.

हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरमध्ये करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा. छतातला दिवा दार उघडल्यावर ज्या वायरवर लागतो, ती शोधत होता. थेट बॅटरीवरून घेतली तर पट्टी सतत जळणार. गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी बसलीच समजा. जोडणीत छोटा फ्यूज, आणि वायर ब्रेक-क्लचच्या पेडलला कुठेही लागू नये म्हणून जागोजागी क्लिपा. या क्लिपांना त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला.

रंग मी निळा सांगितला. "लावतो, पण चालवताना बंद ठेवा." खरंच आहे. अंधाराला सरावलेले डोळे निळ्या-पांढऱ्या उजेडाने बिघडतात, मंद लालसर उजेडाने कमी; पुन्हा नीट सरावायला २०-३० मिनिटं जातात. शेवटी अंबर (पिवळसर-नारिंगी) रंग लावला, उजेड कमी-जास्त करणारा डिमर अगदी खाली.

हल्ली रात्री शेजारून जाणाऱ्या कितीतरी गाड्या आतून लग्नाच्या मांडवासारख्या झगमगतात. (छान दिसतात, नाही म्हणत नाही.) पण त्या चालवणाऱ्याला पुढचा रस्ता कसा दिसत असेल?