सेल्फ, हिटर आणि अर्थिंग : आमची वाटचाल

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आमचं दुकान उभं राहिलं ते सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) आणि डायनामो (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर) यांच्या कामावर, आणि जगलं ते मॅटाडोर आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर. ट्रॅव्हलर १९८७ साली आली. तेव्हा कंपनी बजाज टेम्पो होती, २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं: २.४ लिटर, चार सिलिंडर, प्री-चेंबर (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं). लाइनीतल्या माणसाला एवढं पुरे. प्री-चेंबरचं डिझेल इंजिन रात्रभर उभं राहिलं की त्याला हिटरही (ग्लो प्लग, तो कप्पा आधी तापवणारे) लागतात आणि सेल्फचा पुरता वेगही. दोन्ही एकाच बॅटरीवर. म्हणून सकाळची तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो बॅटरीतून निघालेले व्होल्ट कामाच्या जागी पोचतात का, हा. हा प्रश्न विचारणारे या रस्त्यावर आता थोडेच उरलेत. टॅक्सी सीएनजीवर गेल्या तसे डिझेलच्या वायरिंगला बसलेले हात दुसऱ्या कामांना लागले.

हत्यारं आमची साधी, पण एकेक पारखून घेतलेली. आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग) तपासायला ग्राउलर: त्यावर आर्मेचर ठेवून पातळ पत्ती फिरवायची. जिथे पत्ती थरथरते तिथे कॉइल आतल्या आत शॉर्ट. हायड्रोमीटर (बॅटरीच्या अॅसिडची घनता मोजणारा) काचेचाच. बॅटरीच्या सहा सेलमध्ये ५० पॉइंटहून जास्त फरक दिसला की तो सेल गेला, आणि हे सीलबंद बॅटरीत बघताच येत नाही, म्हणून धंद्याच्या गाडीला झाकणं उघडणारी बॅटरी बरी. मीटर लॅमिंग्टन रोडचा. डीसी अँपिअर दाखवणारा क्लॅम्प महाग पडतो, पण तो घ्यावाच. आणि सगळ्यांत जास्त काम करतो तो टेस्ट लॅम्प, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावलेला. हल्लीच्या पोरांना तो जुनाट वाटतो. पण सडलेल्या वायरीत तांब्याची एक तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. एका तारेवर तो मिणमिणतो आणि खोटं उघडं पडतं.

चांगली वर्षं चांगलीच गेली, त्यांच्याबद्दल काय लिहायचं? लिहायचं ते समोरच्या दुकानाबद्दल.

रस्त्यापलीकडे बॅटरीचं मोठं दुकान आलं. नाव घेत नाही. बाहेर फलक: बॅटरी तपासणी मोफत. आमच्याकडे शाळेच्या व्हॅन चालवणारे एक कंत्राटदार होते, त्यांच्या गाड्यांवर दुकानाचं अर्धं भाडं निघायचं. त्यांच्या गाड्या एकेक करून तिकडे जायला लागल्या. तिथला मुलगा लोड टेस्टरचे चिमटे लावायचा, काटा लाल पट्टीत जायचा, आणि गाडी नवी बॅटरी घेऊन बाहेर पडायची.

लोड टेस्टचा नियम बॅटरी विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास शांत ठेवायची, १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग सीसीएच्या (थंडीत सेल्फ फिरवायला बॅटरी देऊ शकते ते अँपिअर, बॅटरीवर छापलेले) निम्मा लोड १५ सेकंद द्यायचा. व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरी संपली म्हणावं. शाळेची व्हॅन छोट्या फेऱ्या मारते, दर थांब्याला सेल्फ, आत पंखे आणि दिवे सतत चालू. तिची बॅटरी १२.२ वर म्हणजे निम्मीच भरलेली असते. अशा उपाशी बॅटरीला लोड लावला तर चांगलीसुद्धा नापास होणार. नवी बॅटरी भरून आलेली असते म्हणून महिना-दोन महिने गाडी उचलते. मग पुन्हा तीच सकाळ. कारण मूळ दोष तसाच: कुठे बेल्ट ढिला, कुठे डायनामोचा डायोड (एसीचा डीसी करणारा पुर्जा) गेलेला, कुठे अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे करंटची परतीची वाट) कुजलेला. बॅटरी बदलली, वॉरंटी कार्ड मिळालं, दोष जागच्या जागी.

त्या काळात आमची लेथ विकावी लागली. वाइंडिंगचा हात असलेली दोन मुलं सोडून गेली, भाडं थकलं. कंत्राटदारांकडचं जुनं बिल आजही आलेलं नाही. गिऱ्हाईक गेलं याचं दुःख धंद्यात गिळावं लागतं. पण चार गाड्यांचं डायोडचं निदान आम्ही कागदावर लिहून दिलं होतं, ते न वाचता बॅटऱ्या घेतल्या गेल्या, हे विसरता येत नाही.

डायोडची ती तपासणी अशी. इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. एवढ्यावर थांबू नये. मीटर एसीवर फिरवावा, दिवे लावून पुन्हा बघावं. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला की डायोड संशयित. गळका डायोड रात्रभर बॅटरी पितो. सगळं बंद करून बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकात सिरीज लावावा. जुन्या व्हॅनला ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला हरकत नाही. जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत जावं. सगळे फ्यूज काढूनही करंट तसाच राहिला तर बॅटरीचा मायनस सोडून डायनामोची जाड वायर काढावी, तिला टेप गुंडाळावी आणि पुन्हा मोजावं. मीटर सिरीजमध्ये असताना कोणी चावी मारू नये, मीटरचा फ्यूज तिथेच उडतो. मीटर नसेल तर पहाटे, गाडी चालू करण्याआधी, डायनामोच्या मागच्या झाकणावर हात ठेवून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो कोमट लागला तर बॅटरी कुठे जाते ते समजलं.

आमचं दुकान तगलं ते एका नाखवांमुळे. ससून डॉकवरून मासळी घेऊन त्यांची व्हॅन पहाटे हॉटेलांकडे निघते. बॅटरी दोनदा बदललेली, सेल्फचं वाइंडिंग दुसरीकडे भरून घेतलेलं, तरी पहाटे नुसतं ‘टक’. त्यांचं एकच वाक्य होतं, ‘मिस्तरी, बरफ माझ्यासाठी थांबत नाय.’

‘टक’ झाल्यावर काय मोजायचं ते ठरलेलं आहे. चावी धरून ठेवून बॅटरीवर मीटर लावावा. व्होल्टेज साडेबाराच्या जवळ राहिलं तर करंट पुढे जातच नाही: जोड कुजलेला, सोलेनॉइडची (सेल्फवरचा मोठा करंट जोडणारा स्विच) आतली तांब्याची पत्ती जळलेली किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले. व्होल्टेज नऊच्या खाली कोसळलं तर बॅटरी तरी गेलेली किंवा सेल्फ आत शॉर्ट अथवा जॅम. आणि सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर (चावीकडची वायर येते तिथे) नऊ व्होल्टसुद्धा येत नसतील तर दोष चावीच्या स्विचचा किंवा त्या लांब बारीक वायरीचा. तिथे सेल्फजवळ रिले बसवून बॅटरीकडून ४ चौरस मिलिमीटरची फ्यूजवाली वायर द्यावी. जुन्या गाडीचा स्विच बदलत बसण्यापेक्षा ते टिकाऊ.

नाखवांच्या गाडीत बॅटरी साडेबारावरच होती. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नाही, खांबाच्या शिशावर. दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या धातूला. इंजिन पेट घेऊ नये म्हणून स्टॉप (डिझेल बंद करणारी दांडी) ओढून सेल्फ मारला. इथे वाटेत हरवणारे ०.२ व्होल्ट चालतात, ०.५ म्हणजे आजार. त्यांच्याकडे त्याहून कितीतरी जास्त दिसले, आणि अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली. इंजिनला परतीची वाट मिळाली नाही की करंट केबलमधून वाट काढतो, हे कोणी बघतच नाही. इंजिन आणि चासीमधली विणलेली पट्टी वरून बरी दिसत होती. कापली तर आतून हिरवी भुकटी सांडली. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी फळीतून नेमकं तिच्यावर ठिबकत होतं.

काम असं केलं. लोहार चाळीतून ५० चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची केबल, कलई केलेले थिंबल (केबलच्या टोकाला बसणारे डोळे), हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. हातोड्याने ठोकलेला थिंबल सहा महिन्यांत ढिला होतो. वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. ही केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर नेली, बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, स्प्रिंग वॉशर लावून आवळली, आणि आवळल्यानंतर पेट्रोलियम जेली चोपडली. जेली आधी लावायची नाही. चासीची पट्टी वेगळी, नवी. प्लसकडेही तेच माप: प्लस खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट, सेल्फ फिरताना ०.५ च्या आत. नंतर नाखवांनी डॉकवरच्या इतर गाड्या आमच्याकडे पाठवल्या, आणि भाडं भागलं. आजही त्यांची गाडी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर येते, दोन्ही वेळा ही दोन मापं घेतल्याशिवाय जात नाही.

आता हिटर. मुंबईची हवा हिटरचा दोष लपवते. इथे जानेवारीत पारा १५-१६ वर आला तरी थंडी म्हणतात, आणि चारपैकी दोन हिटर जळालेले असले तरी गाडी थोडं खोकून, झटके देत चालू होते. तीच गाडी लग्नाचं वऱ्हाड किंवा शिर्डीची सहल घेऊन नाशिकला मुक्काम करते आणि पहाटे हलत नाही. फोन येतो, बॅटरी गेली. सेल्फ जोरात फिरतोय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय तर डिझेल पोचतंय, पेट घेत नाही: हिटर बघा. धूर अजिबात नाही तर डिझेलच पोचत नाही: डिझेलच्या लाइनीत हवा किंवा डिझेल बंद-चालू करणारा स्टॉप सोलेनॉइड.

हिटरचा दिवा विझला म्हणजे हिटर तापले, असं समजू नये. तो दिवा बऱ्याच गाड्यांत फक्त टायमरवर चालतो. हिटर चालू करून क्लॅम्प वायरीवर धरा. पेन्सिल टाइपचा एक हिटर तापल्यावर ८ ते १२ अँपिअर ओढतो, चारांचा हिशेब तुम्हीच करा. क्लॅम्प नसेल तर हिटरांना जोडणारी पट्टी सोडून बॅटरीच्या प्लसला टेस्ट लॅम्प बांधा आणि टोक एकेका हिटरला लावा. पेटला तर कॉइल जिवंत. ओहममध्ये एकच्या आत हवं, पण आधी मीटरच्या काड्या एकमेकींना टेकवून त्यांचा आकडा वजा करा. सगळ्यांत जुन्या गाड्यांत हिटर एकापाठोपाठ जोडलेले, एक गेला की सगळे बंद. तिथे एकेक तपासावाच लागतो.

काढताना घाई नको. आदल्या दिवशी गंजतेल, इंजिन कोमट, पाना हळूहळू पुढेमागे. टोक तुटून प्री-चेंबरमध्ये पडलं तर हेड उतरवावं लागतं. नवा बसवण्याआधी भोकातला कार्बन रीमरने साफ करायचा, नाहीतर नवा हिटर कार्बनला टेकून लवकर जळतो. चारही एकदम बदलावेत.

न विचारता सांगतो. हिटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नका, रिंगा तुटतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये एक मिनिट थांबा. जीपीएस आणि टेप लावणाऱ्याला बॅटरीच्या खांबावरून वायर घेऊ देऊ नका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम केबल स्वस्तात मिळते, ती कापून टोक खरवडून बघा. आणि या लाइनीत नवीन आलेल्या मुलांनी तपासणीचे पैसे वेगळे लावावेत. मोफत तपासणीचा खर्च शेवटी बॅटरीच्या बिलातून निघतो, ते आमच्या समोर घडलं.

सकाळच्या तक्रारीची गाडी आमच्याकडे आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. चालवत आणलेल्या गरम इंजिनावर यातलं काहीच दिसत नाही. चावी ठेवून जा, बॉनेटखाली काही पुसू नका, टर्मिनल घासू नका. पहिला सेल्फ आम्ही मीटर लावून मारतो.