अर्धा गुण

अर्ध्या गुणासाठी कुणी झोप घालवत नाही, माझी मात्र गेली आहे.

प्रश्न साधा होता: ब² + अ²ब + अब³ ही बहुपदी प्रमाण रूपात लिहा. मनूने लिहिलं, अब³ + ब² + अ²ब. त्यावर लाल शाईचा गोल आणि शेजारी ‘क्रम चुकला’.

चुकला कसा? तिने ब धरून उतरता क्रम लावला: घन, वर्ग, मग नुसता ब. चल एकच असतं तेव्हा वाद नसतो, मोठ्या घातांकापासून खाली यायचं. दोन चलं आली की आधी ठरवावं लागतं. पदातल्या घातांकांची बेरीज करून कोटीने गेलं तर ४, ३, २. म्हणजे अब³ + अ²ब + ब². बाईंना हेच हवं होतं. शब्दकोशासारखं आधी अ बघितलं तर अ²ब सगळ्यांत पुढे येतं. आणि ब ला आधी धरलं तर मनूचं उत्तर. तिन्ही क्रम खरे. कुठला हवा, ते प्रश्नात लिहिलेलंच नव्हतं.

पण मला लागलंय ते हे नाही. ती भांडली नाही. ‘बाईंनी सांगितलंय ना’ म्हणाली आणि वहीत त्यांचं उत्तर उतरवून मोकळी झाली. पूर्वी असलं काही झालं की आधी माझ्याकडे धावत यायची. आता पेपर माझ्यासमोर येतो तो सहीपुरता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवलं आणि घरातच... जाऊ दे.

बाईंचं तरी काय चुकलं म्हणा. वर्गभर पेपर तपासायचे तर एक क्रम धरावाच लागतो. १९६५ च्या प्रबंधात गणितज्ञ बुखबर्गरनी ग्रोब्नर बेसिस, म्हणजे अनेक चलांच्या बहुपदी समीकरणांच्या जागी तीच उत्तरं देणारा, हाताळायला सोपा बहुपदींचा संच, काढायची रीत दिली, तिच्यातही आधी क्रम ठरवावा लागतो. तो बदलला की त्याच समीकरणांतून वेगळा बेसिस निघू शकतो. शब्दकोशाचा क्रम एकेक चल काढून टाकायला सोयीचा, कोटीचा बहुधा आकडेमोडीला हलका. अट एवढीच की स्थिरपद सर्वांत खाली राहावं, आणि दोन पदांना एकाच पदाने गुणलं तर पुढचं मागे जाऊ नये. मनूचा क्रम मी तपासला. अब³ पुढे, अ²ब मागे. दोन्हींना अ ने गुणलं तरी अ²ब³ पुढेच, अ³ब मागेच. कुठेही अडत नाही.

शाळेत काही जाणार नाही मी. मनूला मात्र उद्या सांगणार आहे, उत्तराखाली ‘ब च्या उतरत्या घातांकांनुसार’ एवढं लिहीत जा. नाही ऐकलं तर नाही. त्या वयात मीही कुणाचं ऐकत नव्हते.