टॅशचे चार हात

सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाच्या, नार्निया नावाच्या जादूच्या देशाच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक मी अकराव्या वर्षी वाचलं, सांगलीला, मे महिन्यात, माळ्यावरच्या गाद्यांच्या ढिगावर लोळत. शाळा कॉन्व्हेंट, ईस्टरची गोष्ट पाठ. तरी दगडी मेजावर अस्लान सिंहाला मारतात, उंदीर येऊन त्याचे दोर कुरतडतात, सूर्य उगवताना मेज दुभंगतं आणि तो जिवंत उभा राहतो, हे वाचताना येशू काही आठवला नाही. देव सिंह होऊन येतो यात नवल ते काय? नृसिंह तर घरचाच. (टर्किश डिलाइटपायी भावंडांशी बेइमानी करणारा एडमंड मात्र कळेना. पुढे खाऊन पाहिलं. पिठीसाखरेत लोळवलेला चिकट हलवा! याच्यासाठी?)

कॉलेजात मैत्रीण म्हणाली, "अगं, तो अस्लान म्हणजे ख्रिस्त आहे." मी जाम चिडले. कुणीतरी न सांगता प्रसाद भरवावा तसं वाटलं. मग 1956 सालचं सातवं पुस्तक, 'द लास्ट बॅटल', हातात घेतलं ते खोड्या काढायलाच. फार शोधावं लागलं नाही. एडमंडची बहीण सुसान लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांत रमली, म्हणून नार्नियातून वजा. शत्रू सावळे, पगडीवाले. आणि त्यांचा देव टॅश: डोकं गिधाडाचं, हात चार. चार हात! आमच्या देवघरात दोन हातांचे देव शोधावे लागतील.

त्यात एक प्रसंग आहे. एमेथ हा शत्रूकडचा सैनिक जन्मभर टॅशला भजलेला. त्याला अस्लान सांगतो, तू टॅशची केलेली सेवा मी माझीच धरतो. तिथे समासात माझं पेन्सिलीतलं अक्षर आहे: 'वा! म्हणजे मालकी यांचीच.'

हे अक्षर सापडलं गेल्या डिसेंबरात, लेकीला पुस्तक मराठीत सांगत वाचून दाखवताना. ती नऊ वर्षांची. मी वाचता वाचता थांबले, कारण कानात आजोबांचा नववा अध्याय सुरू झाला होता. येऽप्यन्यदेवता भक्ता... तेऽपि मामेव कौन्तेय. दुसऱ्या देवांना भजणारेही मलाच भजतात. पुढचा शब्द, अविधिपूर्वकम्. म्हणजे भजतात मलाच, पण रीत चुकीची. हा श्लोक मी किती वेळा ऐकला असेन, आणि दर वेळी 'किती उदार आहे आपलं' म्हणून मान डोलावली असेन. पेन्सिल काही तिथे उचलली नाही.

लुईस स्वतः पोरवयात नास्तिक झालेला. 1931 साली ऑक्सफर्डमध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीनशी रात्रभर गप्पा झाल्या आणि थोड्याच दिवसांत तो ख्रिस्ताकडे परतला. त्याच टोल्कीनला नार्निया मुळीच आवडलं नाही, याची मला अजून गंमत वाटते.

"आई, वाच ना. चार हात म्हणजे गणपतीसारखे?"

"हो, तितकेच."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग त्याचे उंदीर अस्लानकडे कसे गेले?"