ग्राम स्टेनिंग: स्लाइड क्रमांक १ ते ३७

मंडळी, मागच्या नोंदीच्या शेवटी लिहिलं होतं की तळ्याच्या पाण्यातले पॅरामेशियम (एकपेशीय जीव) पुष्कळ बघून झाले, आता जिवाणूंकडे वळायचं. अख्खा जून आणि अर्धा जुलै त्यातच गेला. चिपळूणच्या पावसात संध्याकाळी कुठे जाणं होत नाही. बँकेतून आले, चहा झाला, की थेट टेबलापाशी. सदतीस स्लाइड झाल्या. पहिल्या अठ्ठावीस बिघडल्या, पण कशामुळे बिघडल्या ते आता नीट कळलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात रंगाशिवायच केली. दह्याच्या निवळीचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, ४०० पट. काहीतरी बारीक थरथरतंय एवढंच दिसत होतं. जिवाणू पोहतायत असं वाटून मी दोन दिवस हरखले होते. मग भाचीला व्हिडिओ पाठवला, ती मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. करते. ती म्हणाली, "आत्या, सगळे जागच्या जागीच थरथरतायत, कुणी इकडून तिकडे जातंय का? पाण्याचे रेणू त्यांना धक्के देतायत." म्हणजे ब्राउनियन गती. शिवाय त्यातले निम्मे ठिपके स्निग्धांशाचे. दह्यातले जिवाणू पोहणारे नसतातच.

१०० च्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हवर (स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरायची, नमुन्याजवळची लेन्स) गेले तरी फार फरक पडला नाही. हिशेब मांडून पाहिला. माझ्या लेन्सचा न्युमरिकल ॲपर्चर, म्हणजे ती किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप, १.२५ आहे, हिरव्या प्रकाशात ती साधारण ०.२७ मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर वेगळं दाखवू शकते. दह्यातली काडी जाडीला पाऊण ते एक मायक्रॉन. म्हणजे लेन्स कमी पडत नव्हती. जिवाणूच इतका पारदर्शक, की भोवतालच्या पाण्यात तो वेगळा उठूनच दिसत नाही. पाण्यात भिजलेला साबुदाणा शोधावा तसं. कंडेन्सरचा (स्लाइडवर खालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा बारीक केला की कडा जरा उठतात, पण मग बारकावे जातात.

हे डोळ्यांनी अनुभवल्यावर लेवेनहूकबद्दलचा आदर फार वाढला. डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी, शास्त्राचं रीतसर शिक्षण नाही, स्वतः घासलेलं मण्याएवढं एकच भिंग. आज शिल्लक असलेल्या त्याच्या भिंगांतलं सगळ्यात जोरकस भिंग २७० पटीच्या आसपास मोठं दाखवतं. १६७६ साली त्यानं मिरी भिजवलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवले आणि १६८३ साली दातांवरच्या कीटणातले. तेही कुठलाच रंग न वापरता. बघण्याची आपली सर्वांत चांगली पद्धत त्यानं कुणाला सांगितली नाही.

आपल्याला मात्र रंगच हवा. तर ग्रामची पद्धत, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट ओळखण्याची. रीत तुम्हाला ठाऊक आहे: पातळ स्मिअर (स्लाइडवर पसरलेला नमुन्याचा थर), वाळवणं, स्पिरिटच्या दिव्यावरून तीनदा अलगद फिरवणं, मग जांभळा क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलनं धुणं, शेवटी गुलाबी सॅफ्रानिन एक मिनिट. वाचायला सोपी आहे.

स्लाइड १ ते ९: नुसता जांभळा चिखल. दही फार घेतलं होतं, आणि दुधातलं केसीन हे प्रथिनही रंग धरतं. उपाय म्हणजे दही घ्यायचंच नाही. विरजणाच्या कडेला सुटलेल्या निवळीत सुईचं टोक बुडवायचं आणि ते स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात फिरवून नखाएवढं पसरायचं. वाळल्यावर डाग जेमतेम दिसला पाहिजे. सहज दिसला तर तो जाडच आहे.

स्लाइड १० ते १५: गडद, टोकदार काड्या, अगदी रेखीव. मी त्यांची चित्रंसुद्धा काढून ठेवली. नंतर कोरी स्लाइड तशीच रंगवून पाहिली, तर तिच्यावरही त्याच काड्या! ते रंगाचे स्फटिक होते. दुकानातून आणलेली बाटली बरीच जुनी निघाली. आता रंग फिल्टर पेपरमधून गाळून घेते आणि दर नव्या बाटलीला एक कोरी स्लाइड रंगवते. ही सवय सगळ्यांनी लावून घ्याच.

स्लाइड १६ ते २८: इथे खरा धडा मिळाला. एकाच विरजणाच्या स्लाइड कधी पूर्ण जांभळ्या, कधी पूर्ण गुलाबी. सगळा खेळ अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांचा आहे. जांभळा रंग आणि आयोडीन मिळून जिवाणूच्या आत मोठे कण होतात. ज्यांची पेप्टिडोग्लायकनची (जिवाणूच्या भिंतीतला जाळीसारखा पदार्थ) भिंत जाड, त्यांची भिंत अल्कोहोलनं सुकून आवळते आणि रंग आत अडकतो. ते ग्राम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ आणि बाहेरून स्निग्ध पडदा, त्यांचा पडदा विरघळतो, रंग वाहून जातो आणि मग सॅफ्रानिनचा गुलाबी चढतो. पण जास्त वेळ धुतलं तर जाड भिंतीतूनही रंग निघतो. मी घड्याळ लावून धूत होते, तरी निकाल बदलत होता, कारण स्मिअरची जाडी दर वेळी वेगळी.

मग धुणं बरोबर झालं हे ओळखायचं कसं? याचं उत्तर भाचीनं दिलं, आणि या सात आठवड्यांत शिकलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच. "आत्या, जिवाणूंकडे नंतर बघ. आधी तुझ्या गालाच्या पेशीकडे बघ." माणसाच्या पेशीला ती भिंत नसतेच, म्हणून योग्य धुतलेल्या स्लाइडवर ती गुलाबीच दिसली पाहिजे. ती जांभळी राहिली तर धुणं अपुरं. ती गुलाबी आणि ओळखीचा ग्राम पॉझिटिव्ह जांभळा, तर स्लाइडवर विश्वास ठेवायचा.

म्हणून स्लाइड २९ ला एका टोकाला ताज्या विरजणाची निवळी आणि दुसऱ्या टोकाला सकाळी दात घासण्याआधी टूथपिकनं काढलेलं माझ्याच दातांवरचं कीटण, त्यात गालाच्या पेशीही येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब सोडलं, खाली पडणारा थेंब स्वच्छ झाला त्याच क्षणी पाण्याखाली धरली. तेल, १०० ची लेन्स, कंडेन्सर पूर्ण वर, पडदा उघडा. कीटणाच्या टोकाला, दृश्याच्या मधोमध फिकट गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी गालाची पेशी, तिच्यात जरा गडद केंद्रक. तिच्या अंगावर आणि भोवती जांभळे गोल, जोडीजोडीनं आणि माळेत. बाजूला गुलाबी काड्या, आणि एक लांबलचक जांभळा तंतू पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा पडलेला. विरजणाच्या टोकाला दह्यातल्या जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा. मी पाऊण तास जागची हलले नाही.

स्लाइड ३३ चं निरीक्षणही नोंदवते. आठ तासांचं विरजण आणि तीन दिवसांचं आंबट दही शेजारी शेजारी रंगवलं. ताज्यातल्या काड्या जांभळ्या, आंबटातल्या बऱ्याचशा गुलाबी. जिवाणू तेच, पण मेलेल्या आणि म्हाताऱ्या पेशींची भिंत रंग धरून ठेवत नाही. नमुना ताजाच का घ्यायचा, हे यापेक्षा चांगलं कुणी समजावलं नसतं.

ग्रामची गोष्ट आता वेगळी वाटते. हान्स क्रिश्चन ग्राम हा डेन्मार्कचा डॉक्टर, १८८४ साली बर्लिनमध्ये न्युमोनियानं गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या कापांत जंतू शोधत होता. जिवाणूंचे दोन गट पाडावेत हा त्याचा हेतू नव्हता. फुप्फुसाच्या ऊतीतला रंग निघावा आणि जंतूतला राहावा, एवढंच त्याला हवं होतं. शेवटचा गुलाबी रंगही त्याच्या पद्धतीत नव्हता, तो नंतर आला. आपली पद्धत अपुरी आहे, तरी इतरांच्या हातून ती उपयोगी पडेल, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. अठ्ठावीस स्लाइडनंतर ते वाचून मला फार धीर आला.

शेवटच्या आठवड्यात विकत घेतलेली क्षयाच्या जंतूची तयार स्लाइड पाहिली. (घरी कुठलाही रोगजंतू आणायचा किंवा वाढवायचा नाही, आपला नियम कायम. वापरलेल्या स्लाइड मी ब्लीचच्या पाण्यात टाकते.) निळ्या पार्श्वभूमीवर लाल, सडपातळ, किंचित वाकलेल्या काड्या. एका दृश्यात जेमतेम तीन. या जंतूच्या भिंतीत मेणासारखा स्निग्धांश इतका, की ग्रामचे रंग त्याला नीट लागतच नाहीत. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये तो जाहीर केला तेव्हा त्याच्याकडे आजचा लाल रंग नव्हता. अल्कलीयुक्त मेथिलिन ब्लू आणि वर तपकिरी रंग, म्हणजे तपकिरी ऊतीत निळ्या काड्या. असंख्य माणसं ज्या रोगानं जात होती त्याचं कारण आधीही फुप्फुसात होतंच. योग्य रंग मिळेपर्यंत ते कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही. भिंगाखाली त्या तीन काड्या बघताना हे पहिल्यांदा खऱ्या अर्थानं पटलं.

याच कॉखनं त्याच्या सहा वर्षं आधी, वोलस्टाइनच्या छोट्या गावात डॉक्टरकी करता करता, स्वतःच्या घरातच अँथ्रॅक्सच्या (गुरांच्या एका रोगाच्या) जंतूचं जीवनचक्र उलगडलं. जंतू वाढवायला बैलाच्या डोळ्यातलं पाणी आणि उंदरांना टोचायला लाकडाच्या बारीक कपच्या. घरच्या टेबलावर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढा भाग तरी मुळातून वाचावा.

पुढचं काम शाईचं. गडद शाईत न रंगवलेला जिवाणू ठेवला की त्याच्याभोवतीचं आवरण पांढऱ्या कड्यासारखं उठतं म्हणतात. माझ्या पहिल्या दोन प्रयत्नांत शाईचे कणच इतके जाड निघाले की काही कळेना. बारीक कणांची शाई कोणती आणि ती किती पातळ करायची, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. तोवर लेन्सा सिलिका जेलच्या डब्यात ठेवल्यात, पाऊस अजून दोन महिने राहणार आहे.