लोलकाची ऊर्जा वाढत गेली तेव्हा

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणूंसारख्या सूक्ष्म कणांचं भौतिकशास्त्र, घरीच शिकायला घेतलं. अभ्यासक्रमात ते पुढच्या वर्षी होतं, पण मला तेवढा धीर नव्हता. पहिली तीन प्रकरणं झपाट्याने वाचून झाली, सगळं समजतंय असं वाटलं. मग प्रकरणाखालचं पहिलं गणित घेतलं तर सुरुवातच सुचेना. आयगेनव्हॅल्यू, म्हणजे मॅट्रिक्सच्या खास संख्या, काढता येत होत्या, त्या काढायच्या कशासाठी हे ठाऊक नव्हतं.

मॅडमना विचारलं, "माझं गणित कच्चं आहे का?" त्यांनी कागदावर दोन भिंती काढल्या, मध्ये सारखी दोन वस्तुमानं आणि तीन सारख्या स्प्रिंगा. म्हणाल्या, "आधी हे सोडव, मग क्वांटमकडे जा."

दोन दिवस समीकरणं एकमेकांत गुंतून बसली होती. मग लक्षात आलं, की दोन्ही वस्तुमानं एकाच दिशेने सारखीच सरकली तर मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. विरुद्ध दिशांना सरकली तर मात्र ती दुपटीने ताणली किंवा दाबली जाते. पहिल्या चालीची वारंवारता एका स्प्रिंगला जोडलेल्या एकट्या वस्तुमानाइतकी, दुसरीची तिच्या √३ पट. या दोन चाली म्हणजेच आयगेनव्हेक्टर, आपलं रूप न बदलता चालू राहणाऱ्या मूळ चाली, आणि आयगेनव्हॅल्यूंवरून मिळतात त्यांच्या वारंवारता! इतर कुठलीही हालचाल या दोघींची बेरीज. त्यानंतर तीन आठवडे फक्त लिनियर अल्जेब्रा, म्हणजे व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित, केलं, आणि क्वांटमचं तेच पहिलं गणित एका बैठकीत सुटलं. त्या संध्याकाळचा आनंद अजून आठवतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. वाचलेली सिद्धता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मांडायची, अडेल त्या ओळीवर खूण करायची. वेग फार कमी होतो. वर्गातली सबमिशन आणि परीक्षा सांभाळून आठवड्याला जेमतेम सहा-सात पानं होतात, पण ती माझी असतात.

पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र अशा मेहनतीने सुटत नव्हता. वरच्या वर्गातले कुणी थिअरी घे म्हणत, कुणी प्रयोगशाळा, कुणी सरळ डेटाच्या नोकरीकडे वळ. उत्तराची दिशा एका छोट्या प्रोजेक्टमध्ये सापडली. १ मीटरच्या लोलकाचा प्रोग्रॅम लिहायचा होता. ०.०१ सेकंदाची पायरी धरून मी ऑयलरची साधी पद्धत वापरली: आत्ताच्या स्थान आणि वेगावरून पुढच्या पायरीचे दोन्ही काढायचे. पाच अंशांवरून सोडलेला लोलक दहा सेकंदांत आठ अंशांपर्यंत झुलू लागला! घर्षण नाही, बाहेरून धक्का नाही, तरी ऊर्जा अडीच पटीहून जास्त. चूक टायपिंगची असणार म्हणून रात्रभर ओळी तपासल्या. चूक पद्धतीतच होती. स्थान आणि वेगाचा आलेख योग्य मापात काढला, तर लोलक वर्तुळावर फिरायला हवा. ऑयलरची प्रत्येक पायरी त्या वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून पडते, म्हणजे दर वेळी थोडी बाहेरच. मग मी आधी नवा वेग काढला आणि स्थानासाठी तोच वापरला. फक्त दोन ओळींची अदलाबदल, आणि ऊर्जा मूळ आकड्याच्या आसपासच राहिली.

पहाट कधी झाली कळलं नाही. क्वांटमच्या अभ्यासात मी घड्याळ बघत असे, हे मला तेव्हा प्रामाणिकपणे मान्य करावं लागलं. ते मला अतिशय आवडतं, पण ज्या कामात भूक विसरते ते काम हे होतं.

पदव्युत्तर अभ्यासासाठी आता मी कॉम्प्युटेशनल फिजिक्स, म्हणजे संगणकावर सोडवायचं भौतिकशास्त्र, निवडलं आहे. मॅडम म्हणाल्या, "थिअरी सोडू नकोस, लागेल तुला." सोडलेली नाही. सकाळचा एक तास तिचा आहे. संध्याकाळी प्रोग्रॅममधला लोलक साठ अंशांवरून सोडते. तिथे आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, लहान कोनांसाठीच्या नेहमीच्या सूत्रापेक्षा सात टक्क्यांनी जास्त येतो, आणि तो आकडा हाताने काढून पडताळायचं काम सध्या चालू आहे.